पाड्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी ग्रामसभेने उद्दिष्टं कशी ठरवावीत

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात आरोग्याचा विषय निघाला की बोलणं कुपोषणावर येतं. त्याला कारण आहे. १९९२ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर गाजली, आणि तेव्हापासून इथली प्रत्येक यंत्रणा मुलाचं वजन, आईचं हिमोग्लोबिन आणि बाळंतपण कुठे झालं हे विचारतच घरात शिरते. विचारायलाच हवं. पण त्याच घराच्या पडवीत अंगावरून वारं गेलेला आजा वर्षानुवर्षं पडून असतो. त्याला सकाळी कोण उठवतं, दुपारी पाणी कोण देतं, हे कुठल्याच रजिस्टरात नसतं.

लकवा, झाडावरून पडून मोडलेला कणा, जुन्या कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटं, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, गेलेली नजर, मिरगी, जन्मापासूनचं अपंगत्व, किंवा नुसतं म्हातारपण. कारण काहीही असो, ज्याला महिनोन्‌महिने उठण्या-बसण्याला, धुण्या-पुसण्याला, खाण्या-पिण्याला दुसऱ्याचा हात लागतो त्याची सोय म्हणजे दीर्घकालीन काळजी. ती आजही होते आहे, घरातल्या बायका करतात. ग्रामसभेने ठरवायचं आहे ते एवढंच की हा भार एकट्या घरावर किती ठेवायचा आणि गावाने किती उचलायचा.

अशी उद्दिष्टं बहुतेक ठिकाणी योजनांच्या यादीवरून ठरतात. अमुक योजनेत कुबड्या मिळतात, म्हणून उद्दिष्ट ‘कुबड्यावाटप’. मग फोटो निघतो आणि कुबड्या माळ्यावर जातात. उद्दिष्टं माणसाच्या दिवसावरून आणि पाड्याच्या वर्षावरून ठरवायची, योजना नंतर शोधायची. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. उदाहरणं पालघर जिल्ह्यातल्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी पाड्यांची आहेत. धडगाव, मेळघाट किंवा भामरागडमध्ये महिने, पिकं आणि पाहुण्याला बसवायची जागा बदलेल, रीत तीच राहील.

आधी वेळ आणि जागा ठरवा

एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतात आणि ग्रामसभा ग्रामपंचायतीच्या कचेरीपाशी भरते. तिथे चार मैलांवरच्या पाड्यातली म्हातारी येत नाही, आणि तिला सोडून तिची सूनही येऊ शकत नाही. म्हणजे ज्यांच्याविषयी ठरवायचं तेच नेमके बाहेर. म्हणून पहिली बैठक पाड्यावर घ्या. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आणि त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. या नियमांप्रमाणे पाड्यालाही ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित व्हायचा मार्ग आहे. तुमच्या पाड्याने तो अजून धरला नसेल तरी अडत नाही. पाड्याची सभा घ्या, कागद करा, तो मोठ्या ग्रामसभेत मांडा.

वेळेचं गणित भात ठरवतं. जून-जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, कोणाला मान वर करायला फुरसत नाही. ऑक्टोबरात कापणी. दिवाळी झाली की वीटभट्ट्यांच्या गाड्या येतात आणि निम्मा पाडा ठाणे, भिवंडी, वसईकडे निघून जातो, तो होळीला परततो. मधे उरतो तो ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय नुसता जाहीर करायचा, सप्टेंबरात घरोघर फिरायचं, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा. ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाने होणारा ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा याच सुमारास हातात घेतला जातो, त्यामुळे ठराव थेट आराखड्यात जाऊ शकतो. डिसेंबरात जागे झालात तर वर्ष गेलं.

बायकांची सभा आधी घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे, पण बहुतेक गावांत ती सह्यांपुरती उरते. या विषयात ती खरोखर भरवावी लागते, कारण काळजी घेते सून आणि सभेत बोलतो मुलगा. ‘आमच्या घरी काही अडचण नाही’ हे वाक्य पुरुषांच्या सभेत जितक्या वेळा ऐकू येतं त्याच्या निम्म्यानेही बायकांच्या सभेत येत नाही.

घरोघर यादी: आजार बाजूला ठेवा, हात कुठे लागतो ते लिहा

यादीला आशाताई, पाड्यातली एक जाणती बाई आणि लिहिता येणारं एखादं कॉलेजातलं पोर, एवढी माणसं पुरतात. जायचं संध्याकाळी, म्हणजे रानात गेलेले लोक घरी सापडतात. आजाराचं नाव विचारत बसू नका. ते पुष्कळदा माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी त्यावरून काम कळत नाही. लकवा झालेला एक माणूस काठीने ओढ्यापर्यंत जातो, दुसरा कूसही बदलू शकत नाही.

सहा गोष्टी विचारा: स्वतः उठून बसतं का, चालतं का, अंघोळ, कपडे, जेवण आणि शौच. प्रत्येकीपुढे तीनपैकी एक लिहा: स्वतः, धरावं लागतं, सगळं दुसऱ्याने करावं लागतं. मग सातवा प्रश्न, जो छापील फॉर्मात सापडणार नाही: दिवाळी ते होळी हे सगळं कोण करतं?

एका घराची नोंद कशी दिसावी त्याचा नमुना:

‘बाई. वय सत्तरीच्या पुढे, आधारवर ५८, जन्मतारीख १ जानेवारी. उजवी बाजू गेलेली. उठून बसायला धरावं लागतं. डाव्या हाताने खाते, कालवून द्यावं लागतं. शौचाला सून घरामागे नेते, रात्री गोधडीतच होतं. बोललेलं सगळं कळतं. कुल्ल्याच्या हाडावर लाल डाग. दिवाळीनंतर मुलगा-सून भट्टीवर, जवळ चौथीतली नात, तिची शाळा बुडते. बीपीची गोळी दोन महिने नाही. काय हवं विचारलं: रात्री कोणाला न उठवता बाहेर जाता आलं पाहिजे.’

एवढ्या ओळींत सहा कामं दिसतात. आधारवरचं वय चुकलेलं आहे म्हणून पेन्शन अडली असणार. लाल डाग ही बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे, त्याला आठवडाभरही थांबून चालत नाही. गोळी सुटली आहे, म्हणजे लकव्याचा दुसरा झटका येण्याचा धोका. रात्रीच्या शौचाची सोय हवी. नातीची शाळा वाचवायची आहे. आणि भट्टीच्या महिन्यांत दुसरं माणूस हवं. ‘पक्षाघात, स्त्री, ७०’ असं लिहिलं असतं तर यातलं एकही दिसलं नसतं.

नोंदवही कोणाकडे राहणार हे त्याच दिवशी ठरवा, आणि सभेत नावं वाचू नका. कुष्ठरोग, मिरगी, वेड, दारू यांची नावं पाड्यात उघड झाली की पुढची सोयरीक मोडू शकते. सभेत आकडे सांगायचे: ‘तिघांना कूसही बदलता येत नाही’, एवढंच. ज्याला स्वतःचं सांगायचं आहे तो सांगेल. आणि ज्याच्याबद्दल लिहिताय त्याला विचारून लिहा. तो अंथरुणावर आहे म्हणून त्याची परवानगी मुलाने द्यायची नसते.

त्याला काय हवं ते त्यालाच विचारा

ही पायरी गाळली जाते, कारण हिला वेळ लागतो. ‘तुम्हाला काय हवं?’ असं थेट विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘आता काय हवं, देव नेईल तेव्हा जायचं.’ तिथे थांबू नका. तासभर बसा. पूर्वी दिवसभर काय करायचात ते विचारा, त्यातलं काय राहून गेल्यासारखं वाटतं ते विचारा. मग निघतं. कोणाला उंबऱ्यापाशी बसून कोंबड्या राखायच्या असतात, कारण घरात काहीतरी आपल्या हातून व्हावं असं वाटतं. कोणाला बोहाड्याच्या उत्सवात सोंगं बघायला जायचं असतं. कोणाला फक्त इतकंच हवं असतं की नातवाने दारू पिऊन अंगावर ओरडू नये. ही शेवटची गोष्ट आरोग्य खात्याच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही. तरी ती काळजीचीच गोष्ट आहे आणि पाड्याची सभा तिच्यावर काही करू शकते.

भगताला, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिकाला, वगळू नका. अंगावरून वारं गेलं की पहिला निरोप त्यालाच जातो, नंतरही महिनोन्‌महिने तोच येत राहतो. त्याला बैठकीला बोलावलं, हाडावर लाल डाग दिसला किंवा गोळी सुटल्याचं कळलं तर आशाला सांगायचं हे त्याच्याशी ठरवलं, की एक जोडी डोळे फुकट मिळतात. त्याचा उतारा चालू राहू दे, सोबत बीपीची गोळीही चालू राहिली पाहिजे, हा सौदा बहुतेक भगत मान्य करतात.

मरण कुठे यावं, हेही विचारायचं असतं. कठीण वाटतं, पण म्हातारी माणसं यावर आपल्यापेक्षा मोकळेपणाने बोलतात. लांबच्या दवाखान्यात जीव गेला तर देह परत आणायची गाडी, तिचे पैसे, घरच्यांचे हाल हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे असतं. ‘मला नाशिकला नेऊ नका’ असं कोणी शुद्धीत, दोन माणसांसमोर सांगितलं तर ते लिहून ठेवा. मग उद्दिष्ट बदलतं: दुखणं आटोक्यात ठेवणं, तोंड ओलं ठेवणं, जवळ माणूस असणं. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या बारा प्रकारच्या सेवांमध्ये वृद्धांची आणि वेदनाशामक काळजी ही एक सेवा धरलेली आहे. ती मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे.

लोकांना विचारून केलं की काय फरक पडतो याचं महाराष्ट्रातलंच उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने शोधग्रामचा दवाखाना बांधताना आदिवासींना विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, असं लोक म्हणाले. म्हणून तो दवाखाना गावासारखा, झोपड्यांचा बांधला गेला, सोबतचे लोक तिथेच राहू लागले, आणि नाव मिळालं दंतेश्वरी देवीचं. याच संस्थेने गावातल्या शिकवलेल्या बायका घरी जाऊन नवजात बाळाला वाचवू शकतात हे दाखवलं. आज देशभर आशा बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी भेट देते ती रीत तिथून आली. जी बाई बाळाचं तापमान आणि श्वास मोजायला शिकते ती अंथरुणावरच्या माणसाची पाठ तपासायलाही शिकते.

तीन ढीग करा

यादी पूर्ण झाली की माणसांचे नव्हे, गरजांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग: जी गरज कायमची संपवता येते. इथे सगळ्यात मोठं काम मोतीबिंदूचं. दिसत नाही म्हणून हात धरावा लागणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कितीतरी जणांची नजर एका शस्त्रक्रियेने परत येऊ शकते, आणि ती सरकारी कार्यक्रमात मोफत होते. अडतं ते जाण्यायेण्यावर, सोबतीवर आणि भीतीवर. आधी झालेल्या एखाद्या म्हाताऱ्याला सोबत नेलं की भीती निम्मी होते. जुन्या कुष्ठरोग्यांच्या पायांना बधिरपणा असतो, काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते. त्यांना मऊ तळाची एमसीआर चप्पल आरोग्य विभागाकडून मोफत मिळते, आणि रोज पाय भिजवून तेल लावायचं शिकवलं तर बोटं वाचतात.

अंगणात दोन बांबू कमरेच्या उंचीवर, दोन बाजूंना धरता येतील असे समांतर रोवले की लकव्याचा माणूस त्यांच्या मधे उभं राहण्याचा सराव करतो. बांबू पाड्यातलाच, खर्च जवळपास नाही. चाकाच्या खुर्च्यांबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. उतारावरच्या, दगडगोट्यांच्या पाड्यात ती खुर्ची दारातून बाहेर पडत नाही, पावसाळ्यात गंजते आणि पुढे तिच्यावर भाताची पोती ठेवलेली दिसतात. आपल्या पाड्याची वाट बघा, मगच मागा.

दुसरा ढीग: जे संपणार नाही, पण पाड्यावर सांभाळता येतं. कूस बदलणं, पाठ पुसणं, भरवणं, गोळ्या, लघवीच्या नळीची स्वच्छता, मिरगी आली तर काय करायचं. कूस दर दोन तासांनी बदलायची असते. हे एकट्या सुनेला जमत नाही, कारण तिला पाण्याला जायचं असतं, शेतावर जायचं असतं. म्हणजे हे वेळापत्रकाचं काम आहे: सकाळी निघताना सून, दुपारी शेजारीण, शाळा सुटल्यावर कोणी मोठं. हे लिहून भिंतीला लावा.

तिसरा ढीग: बाहेरचाच हात लागतो. नळी बदलणं, खोल जखम, सिकलसेलचं तीव्र दुखणं, कर्करोगाची वेदना, अनावर झालेला मानसिक आजार. आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीला उपकेंद्र आणि वीस हजारांना प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतो, तिथून फोनच्या पडद्यावर डॉक्टरचा सल्लाही मिळू शकतो. या ढिगातल्या प्रत्येक गरजेपुढे कोणाला फोन करायचा, कुठली गाडी, मुख्य रस्त्यापर्यंत डोली कोण उचलणार, हे आधी लिहायचं. पावसाळ्यात ओढा भरला तर दुसरी वाट कोणती, तेही.

सिकलसेलबद्दल एक गोष्ट पुष्कळ घरांना माहीत नसते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये जी २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत त्यांत सिकलसेल आहे. रोज शाळेत जाणारं पोरही त्यात बसू शकतं, प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला हवा. सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान २०२३ साली सुरू झालं आणि त्याचा भर तपासणीवर आहे. तपासणीत आजार निघाला, पुढे काय? ग्रामसभेने नेमकं तेवढंच मागायचं: आजार निघालेल्या प्रत्येकाला गोळ्या दर महिन्याला उपकेंद्रातच मिळाव्यात.

उद्दिष्ट लिहायचं कसं

आधी एक वाईट उद्दिष्ट बघा: ‘गावातील सर्व ज्येष्ठ व दिव्यांग बांधवांना दर्जेदार आरोग्यसेवा मिळवून देणे.’ यावर कोणी हरकत घेणार नाही आणि वर्षानंतर कोणी जाबही विचारणार नाही. दुसरं, जरा चलाख वाईट उद्दिष्ट: ‘दहा आरोग्य शिबिरे घेणे.’ हे मोजता येतं, पण शिबिरात चालता येणारी माणसंच येतात. अंथरुणावरच्या माणसाच्या दिवसात शिबिराने काही बदलत नाही.

उद्दिष्ट म्हणून जे वाक्य लिहाल त्यात कोणाचं काय बदलेल, कोणत्या तारखेपर्यंत, कोण बघणार आणि बदललं हे कशावरून कळणार, एवढं असलं पाहिजे. समजा साठ घरांचा पाडा आहे आणि यादीत अकरा माणसं आहेत. त्यांच्यासाठी अशी चार उद्दिष्टं होऊ शकतात:

‘दिवाळी ते होळी या काळात अंथरुणावरच्या तिघांपैकी कोणाहीजवळ सांभाळायला एकटं मूल नसेल. मूल शाळेत आहे का, हे गुरुजी दर महिन्याला सांगतील.’

‘डिसेंबरअखेर नजर गेलेल्या चौघांची तपासणी झालेली असेल, आणि ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकते त्यांची ती झालेली असेल. सोबत जाणाऱ्यांची नावं आजच ठरतील.’

‘कोणाच्याही अंगावर नवी जखम होणार नाही. लाल डाग दिसला तर एका दिवसात आशाला कळेल. पाठ घरच्यांनी रोज बघायची, आशा आठवड्याला बघेल.’

‘१५ मेपर्यंत नेहमीच्या गोळ्यांचा पावसाळाभर पुरेल इतका साठा प्रत्येक घरी पोचलेला असेल.’

चारच. अकरा माणसांच्या पन्नास गरजा लिहिल्यात तर एकही होणार नाही. उरलेल्या वहीत राहू द्या, पुढच्या वर्षी घ्या. निवडताना माझा कल नेहमी असा असतो: ज्याने जीव धोक्यात येतो ते आधी, ज्याने मुलाची शाळा तुटते ते त्याच्या बरोबरीने, आणि एखादं तरी उद्दिष्ट असं असावं की जे म्हाताऱ्या माणसाने स्वतः मागितलंय, मग ते कोंबड्या राखायला उंबऱ्यापाशी बसवण्याचं का असेना.

पहिलं उद्दिष्ट चारांतलं सगळ्यात अवघड. भट्टीवर गेलेल्या सुनेला परत बोलावता येत नाही, भट्टीच्या मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते. दोन मार्ग निघतात. मागे राहणाऱ्या एखाद्या घराने म्हातारीची जबाबदारी घ्यायची आणि बदल्यात जाणाऱ्या घराने पुढच्या आवणीला त्यांच्या शेतावर माणसं द्यायची. आवणीची माणसं एकमेकांना द्यायची सवय पाड्याला आहेच, त्यामुळे हा हिशेब कोणाला समजावावा लागत नाही. फक्त तो चार लोकांसमोर ठरवा, म्हणजे जूनमध्ये वाद होत नाही. किंवा पाड्यातल्या एका बाईला या पाच महिन्यांचं मानधन द्यायचं. त्यासाठी पैसा लागतो.

पैसा

इथे दोन ‘पाच टक्के’ आहेत आणि लोक, कधीकधी अधिकारीसुद्धा, त्यांची गल्लत करतात. एक, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आदिवासी भागातल्या ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी ती किती, त्यातून फार तर काठ्या आणि कमोड खुर्च्या येतील. दुसरा, पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून थेट मिळणारा पाच टक्के अबंध निधी, म्हणजे ठरावीक योजनेला न बांधलेला पैसा. तो मोठा असतो, आणि त्याच्या चार शीर्षांपैकी एक आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हे आहे. कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. प्रत्यक्षात तो रस्ता आणि सभामंडपावर जातो, कारण त्याचं अंदाजपत्रक तयार मिळतं. काळजीचं अंदाजपत्रक आपल्याला करावं लागतं: वॉटरबेड, गाडीभाडं, बाईचं मानधन, किती महिने. मानधन या शीर्षात बसतं का, हे ग्रामसेवकाकडून लेखी घ्या. तोंडी ‘नाही बसत’ हे उत्तर नसतं.

घराच्या हातात येणारा पैसा म्हणजे पेन्शन. पासष्टच्या पुढे श्रावणबाळ, त्याआधी दिव्यांग, विधवा, निराधार यांना संजय गांधी निराधार योजना. महिना १५०० रुपये. दिव्यांगांसाठी ती रक्कम २५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. अडथळे ठरलेले असतात: आधारवरचं चुकीचं वय, आधार न जोडलेलं बँक खातं, दरवर्षीचा हयातीचा दाखला, घासून गेलेले अंगठ्याचे ठसे, आणि कातकरी घरांत तर मुळात कागदच नसणं. अंथरुणावरच्या माणसाला बँकेत उचलून नेणं हा खर्च पेन्शनमधूनच जातो. टपाल खात्याची पेमेंट बँक घरी येऊन पैसे देऊ शकते. महिन्यातला एक दिवस ठरवून पोस्टमनला पाड्यावर बोलावलं तर सगळ्यांचं काम एका फेरीत होतं.

सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं, त्यावर एका कुटुंबातल्या अशा सगळ्यांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. जरूर काढा. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर चालतं. घरी आणल्यानंतरच्या वर्षभराच्या उचला-ठेवीला त्याचा उपयोग नाही, आणि खरी ओढाताण तिथेच असते. ‘कार्ड काढून दिलं’ हे उद्दिष्ट पूर्ण झाल्याचं लक्षण मानू नका.

ठराव

ठराव मोघम लिहिला तर ग्रामसभेचा शिक्का असूनही तो कुठेच पोचत नाही. असा मजकूर चालेल:

‘आजच्या ग्रामसभेत सर्वानुमते ठरले की, पाड्यातील ११ व्यक्तींना रोजच्या कामांसाठी दुसऱ्याची मदत लागते. सोबत जोडलेली चार उद्दिष्टे ग्रामसभा मान्य करीत आहे. त्यासाठी अबंध निधीच्या आरोग्य शीर्षातून जोडपत्रातील अंदाजपत्रकाप्रमाणे तरतूद करावी. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी कूस बदलणे अशक्य असलेल्या व्यक्तींना महिन्यातून एकदा घरी भेट द्यावी व वहीत सही करावी. देखरेखीसाठी पाच जणांची समिती नेमली असून त्यात तीन स्त्रिया आहेत. कामाचा आढावा २६ जानेवारी व १ मेच्या ग्रामसभेत वाचला जाईल.’

व्यक्तींची नावं ठरावात नकोत, जोडपत्रातही नकोत. ठरावाच्या प्रती गटविकास अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसली की सहा महिन्यांनी ‘आमच्याकडे आलंच नाही’ ऐकावं लागतं.

आढावा

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला निम्मा पाडा भट्टीवर असतो. तरी आढावा त्याच दिवशी घ्या, कारण पहिल्या उद्दिष्टाची खरी परीक्षा तेव्हाच चालू असते. सभेआधी समितीतल्या दोघींनी तिन्ही घरी दुपारी, न सांगता जायचं. सकाळी सांगून गेलं की गोधडी धुतलेली मिळते. बघायचं काय: जवळ कोण आहे, पाण्याचा तांब्या हाताला लागतो का, पाठ कशी आहे, गोळ्यांच्या पाकिटात किती उरल्या. एवढ्यात सगळं कळतं.

उद्दिष्ट हुकलं तर माणूस शोधू नका, कारण शोधा. चारपैकी दोनच जण डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला गेले. का? गाडी आली नाही, की सोबतीण ऐनवेळी गेली नाही, की दवाखान्याने साखर वाढलेली म्हणून परत पाठवलं? प्रत्येक कारणाला वेगळं काम लागतं. साखरेमुळे परत आलेल्याला आधी दोन महिने गोळ्यांवर आणायचं, म्हणजे त्याची तारीख पुढे जाते, उद्दिष्ट तेच राहतं.

यादी बदलत राहते. कोणी जातं, कोणी नव्याने पडतं, सिकलसेलच्या मुलाला चांगलं वर्ष मिळतं. दर तीन महिन्यांनी आशाने यादी ताजी करायची. कोणी गेलं तर वॉटरबेड, कमोड खुर्ची, काठी समितीने परत घ्यायची, धुऊन उन्हात वाळवून अंगणवाडीच्या खोलीत ठेवायची आणि वहीत लिहायचं. ही वस्तू पाड्याची आहे, हे देतानाच घरच्यांना सांगून ठेवलं असलं तर मागताना अवघड जात नाही.

आरोग्य अधिकारी बदलून जातो, ग्रामसेवक बदलतो, संस्थेचा प्रकल्प संपतो. म्हणून मूळ वही पाड्यात राहिली पाहिजे आणि उपकेंद्राकडे फक्त गोळ्या-भेटींची नक्कल. संस्थांनी ही वही आपल्या कार्यालयात नेऊन संगणकात भरायचा मोह आवरावा. आणि समितीतल्या पाचांपैकी निदान एकीचं घर असं असावं, की जे दिवाळीनंतर भट्टीवर जात नाही.